पडदा बंद करून निवडलेला फोन

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या मोबाइलच्या दुकानात उभे राहायला जागा नसते. इथे गोव्यात, फोंड्याच्या वरच्या बाजारात, गणपतीच्या वर फळे-पाने बांधतात त्या माटोळीचे सामान दिसायला लागते, बोटीवरचे सुट्टीवर येतात, आखातातले येतात आणि सगळ्यांना एकदमच नवा फोन हवा असतो. काउंटरला आम्ही दुकानातल्या मुली आणि भोवती कंपन्यांनी पाठवलेले प्रमोटर. प्रमोटरला दर विक्रीमागे इन्सेंटिव्ह असतो, त्यामुळे गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याच्या हातात डेमो पीस गेलेला असतो.

‘आयफोन घेऊ की अँड्रॉइड?’ हे दिवसातून कितीदा ऐकते त्याचा हिशेब नाही. उत्तरही पाठ झालेले असते. बजेट विचारायचे, कॅमेऱ्याचे बोलायचे, गेम खेळणारा मुलगा असेल तर प्रोसेसरचे, आणि शेवटी इएमआयचा कागद पुढे करायचा.

त्या दुपारी एक म्हातारे गृहस्थ पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून आत आले. धोतर, पांढरा सदरा, दुसऱ्या हातात घडीची काठी. म्हार्दोळच्या बाजूचे भजनी बुवा, पेटीही वाजवतात. त्यांना अजिबात दिसत नाही. हे लक्षात यायच्या आधीच एक प्रमोटर पुढे झाला होता. “काका, डिस्प्ले बघा, असा ब्राइटनेस कुठे मिळायचा नाही.”

“डिस्प्ले याला दाखव,” बुवांनी पुतण्याकडे बोट केले. “मला फोन दे.”

आजूबाजूचे हसले. प्रमोटर ओशाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला आणि बुवा माझ्या वाट्याला आले.

जुना फोन त्यांनी काउंटरवर ठेवला. बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले होते, आत अँड्रॉइड ९. वास्कोच्या सप्ताहाला भजन रेकॉर्ड करताना तो मध्येच बंद पडला, ते दुःख त्यांनी मला दोनदा सांगितले. पुतण्याचे म्हणणे सरळ होते. बुवांचा मुलगा बोटीवर आहे, तो पैसे पाठवतो, तेव्हा आयफोनच घ्यायचा. त्याने मोबाइलवर बरेच वाचलेही होते. “काका, आयफोनच्या प्रो मॉडेलला लायडार असते. समोर दार किती अंतरावर आहे, उघडे आहे की बंद, ते सांगते.”

“आमच्या वाड्यावरची सगळी दारे मला ठाऊक आहेत,” बुवा म्हणाले. “ती उघडी कधी असतात तेही.”

पैशाची अडचण नाही म्हटल्यावर माझ्या मनात टार्गेटचा आकडा आलाच. खोटे कशाला बोलू, आयफोन गेला की महिना सुधारतो. पण बुवांनी मला बोलू दिले नाही. “बाय, तू सांगू नकोस. दोन्ही तऱ्हेचे फोन माझ्यापुढे मांड आणि बोलके कर. मी बघतो.”

बोलके करणे म्हणजे स्क्रीन रीडर चालू करणे. अँड्रॉइडमध्ये त्याला टॉकबॅक म्हणतात, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. बोट काचेवर फिरवले की खाली जे आहे ते फोन वाचतो आणि दोनदा टकटक केली की ते उघडते. दोन्हीकडे मूळ रीत एकच. आयफोनमध्ये ही सोय २००९ साली ३जीएस या मॉडेलबरोबर आली आणि त्याच वर्षी अँड्रॉइडमध्येही टॉकबॅक आले. त्याआधी बुवा नोकियाचा बटणांचा फोन वापरायचे. पाचच्या बटणावर बारीक उंचवटा असतो, तो सापडला की बाकीचे आकडे आपोआप सापडतात. सपाट काचेचे फोन आले तेव्हा त्यांना वाटले होते की आता आपले दुकान बंद.

मी चार अँड्रॉइड आणि एक आयफोन मांडला. आयफोनला बाजूचे बटण तीनदा दाबायचे ठरवून दिले, अँड्रॉइडला आवाजाची दोन्ही बटणे एकदम दाबून धरायची. इथेच पहिला फरक निघाला. आयफोनमध्ये एकदा ठरवले की विषय संपतो. अँड्रॉइडमध्ये एका फोनवर ते लगेच चालले, दुसऱ्यावर आधी सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागली, आणि तिसऱ्यात तर ती सेटिंग कुठे ठेवलीय हे शोधण्यातच माझा वेळ गेला. मूळ अँड्रॉइड गुगलचे, पण प्रत्येक कंपनी त्यावर आपला साज चढवते आणि मेनूची उलथापालथ करते. डोळ्याने बघणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. बुवांसारख्याला ते दर वेळी नवे घर.

मग त्यांनी बोलण्याचा वेग वाढवला. वाढवत वाढवत इतका नेला की आम्हाला एक अक्षर कळेना, नुसता खर्रर्र आवाज. काउंटरवरची मुले गिऱ्हाईक सोडून बघायला लागली. बुवा मात्र निवांत एकेक मेनू ऐकत होते. मी विचारले, कळते कसे? “तुम्ही वर्तमानपत्र वाचताना अक्षर अक्षर लावता का?” एवढेच म्हणाले.

सर्वांत स्वस्त फोन त्यांनी मिनिटभरात बाजूला सारला. “हा मागे राहतो.” मला समजेना. त्यांनी माझे बोट धरून काचेवर फिरवले. बोट पुढच्या चिन्हावर जायचे आणि आवाज मागच्याचे नाव घ्यायचा. पखवाजाचा ठेका गायकाच्या मागे पडावा तसे. मी तो फोन किती जणांना विकला असेल, कोणी हे बोलले नव्हते. डोळ्याला तो अर्ध्या पळाचा उशीर कळत नाही. रॅम कमी, प्रोसेसर हलका, त्यामुळे बोललेले शब्द रखडत बाहेर येतात. त्यानंतर मी स्पेसिफिकेशनचा कागद दाखवायचा नाद सोडला.

दुसरा फोन महागातला, अंगठ्याचा सेन्सर पडद्याच्या आत. पुतण्याला तो फार आवडला. बुवांनी काचेवर अंगठा इकडेतिकडे सरकवला आणि हसले. काचेत खूण कुठे आहे हे हाताला कसे कळणार? त्यापेक्षा कडेच्या पॉवर बटणात सेन्सर असलेला मधल्या किमतीचा फोन बरा, बटण बोटाला सापडते. आयफोनचे फेस आयडी त्यांना जमेल का अशी मलाच शंका होती, कारण एरवी ते तुम्ही पडद्याकडे बघताय की नाही ते तपासते. पण ती अट सेटिंगमधून काढता येते. ती काढली की चेहरा समोर असला तरी पुरे.

तिसरा अँड्रॉइड वेगळ्याच कारणाने बाद झाला. त्याच्या लॉक स्क्रीनवर वॉलपेपरच्या नावाखाली बातम्या आणि जाहिराती येतात. आपण त्या बोटाने सरकवून टाकतो. टॉकबॅकला त्या वाचाव्या लागतात. बुवांनी फोन उघडला की आधी कुठल्यातरी कर्जाची जाहिरात, मग क्रिकेट, मग घड्याळ. ती बंद करता येते हे मी दाखवले, पण बुवांचे मत झाले होते. “पाहुण्याला दारातच थांबवून माल विकतो हा.”

आयफोन त्यांच्या हातात बराच वेळ होता. दोन बोटे काचेवर गोल फिरवली की व्हॉइसओव्हरमध्ये अक्षर, शब्द, ओळ, वेग असे पर्याय बदलतात. दोन बोटांनी दोनदा टकटक केली की फोन उचलला जातो. तीन बोटांनी तीनदा केली की पडदा काळा होतो आणि फोन चालूच राहतो, शेजारी बसलेल्याला काही दिसत नाही. बुवांना हे मनापासून आवडले. बोट कधी चुकले नाही, आवाज कधी मागे पडला नाही. नव्या टॉकबॅकमध्येही दोन-तीन बोटांच्या खुणा आहेत, पण त्या २०२१ च्या सुमारास आल्या, आणि त्यांना नवे अँड्रॉइड लागते. बुवांच्या जुन्या फोनला त्या कधी मिळाल्याच नव्हत्या. “म्हणजे कंपनीने अपडेट दिला नाही म्हणून मी इतकी वर्षे एका बोटाने काढली?” त्यांनी विचारले. तसेच होते ते.

अपडेटचा मुद्दा निघाला तेव्हा मी सांगितले की गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचे वचन दिले आहे. आयफोनलाही अनेक वर्षे नवी आवृत्ती मिळत राहते. मधल्या किमतीच्या फोनला मात्र कंपनी बघून विचारावे लागते. बुवांच्या पुढ्यात उरलेल्या चौथ्या फोनला चार वर्षे होती.

मग पैशांची परीक्षा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ‘मनी’ नावाचे नोट ओळखणारे अ‍ॅप काढले आहे. ते दोन्ही सिस्टिमवर चालते आणि एकदा उतरवून घेतले की त्याला इंटरनेट लागत नाही. बुवांना भजनाची बिदागी पाकिटातून मिळते. शंभराच्या आणि दोनशेच्या नव्या नोटेच्या लांबीत फरक फक्त चार मिलिमीटरचा. कडेला अंधांसाठी उठावाच्या रेघा असतात, पण नोट चार हातांतून फिरली की त्या बसून जातात. मी गल्ल्यातल्या मळकट नोटा दिल्या. आयफोनने आणि चौथ्या फोनने, दोघांनीही बरोबर ओळखल्या.

यूपीआयची गोष्ट निघाली तेव्हा बुवांनी आवाज खाली आणला. पिन टाकताना फोन आकडे मोठ्याने वाचत बसला तर सगळ्या बाजाराला पिन कळणार. त्यामुळे कानात वायर घालूनच व्यवहार करायचा, हा त्यांचा जुना नियम. ब्लूटूथचे नको, एकाचे चार्जिंग संपते, एक हरवते. वायरच हवी, आणि गोल भोकाची. आयफोनला ते भोक नाही. नव्या आयफोनला यूएसबी-सी असल्याने तसे इअरफोन मिळतात, पण मग कानात वायर असताना तारेने चार्जिंग नाही.

एक गोष्ट आयफोनच्या बाजूने होती आणि ती मी सांगितली. काही बँकांची अ‍ॅप अँड्रॉइडवर अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे टॉकबॅकसारखे पडद्यावरचे वाचण्याची, परवानगी घेतलेले एखादे अ‍ॅप चालू दिसले की धोक्याची सूचना देतात, कधी उघडतही नाहीत. कारण ठगही तीच परवानगी मागून पडद्यावरचे सगळे वाचून घेतात. आयफोनमध्ये बाहेरच्या अ‍ॅपला तशी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये डोकावण्याची मुभाच नाही. बुवांनी आपल्या बँकेचे नाव सांगितले, आम्ही ते अ‍ॅप चौथ्या फोनवर टॉकबॅक चालू ठेवून उघडून पाहिले. लॉगिनचे पान कुरकुर न करता वाचले गेले. दुसऱ्या बँकेचे असते तर कदाचित माझा सल्ला वेगळा असता.

तरीही पारडे आयफोनकडेच झुकत होते, आणि पुतण्याने मुलाला बोटीवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावायची तयारी केली. तेवढ्यात बुवांनी सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची डबी काढली. आत मेमरी कार्ड. त्यावर त्यांच्या गुरूंची भजने, कितीतरी जत्रा-सप्ताहांची रेकॉर्डिंग, काही कॅसेटवरून उतरवलेली. “हे कुठे घालायचे?”

आयफोनला कार्डाची जागा नाही. मी कार्ड रीडर आणला, यूएसबी-सीला लावला, फाइल्समध्ये कार्ड उघडूनही दाखवले. चालले. सगळे फोनमध्ये उतरवून घेता येईल असेही म्हटले. बुवांनी लटकणारा रीडर चाचपला. “पेटीवर ठेवला तर हा आधी तुटेल. आणि परवा कोणी नवे रेकॉर्डिंग कार्डावर दिले तर? मला घरी हे कोण करून देणार?”

हा प्रश्न मी कुठल्याच गिऱ्हाइकाला विचारत नाही आणि विचारायला हवा. घरात अडल्यावर सोडवणारा कोण? भारतात शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत. बुवांच्या भजनी मंडळात एकाकडेही आयफोन नव्हता. पुतण्या स्वतः अँड्रॉइड वापरतो आणि तोही नोकरीला वेर्ण्याला, रात्री घरी येतो. शेजारची शाळेतली मुलगी टॉकबॅक चालू असताना फोन कसा हाताळायचा ते शिकलेली आहे. तिला आयफोन दिला तर तीही अडणार.

पुतण्या जरा हिरमुसला. त्याने एकदा म्हणून बघितले, “काका, लोक काय म्हणतील, मुलगा बोटीवर आणि बापाला साधा फोन?”

“लोक पडदा बघतात,” बुवा म्हणाले, “माझा तर बंद असतो.”

चौथा फोन ठरला. वीस हजारांच्या आतला, बाजूच्या बटणात अंगठा, कार्डाची जागा, गोल भोक, आणि कंपनीचा साज त्यातल्या त्यात कमी. मुख्य म्हणजे आठ जीबी रॅममुळे आवाज बोटाबरोबर चालत होता. आयफोनइतका नेमका नव्हता, हे बुवांनीच मला ऐकवले. गुगलचा मराठी आवाज उतरवला, फोनची भाषा मराठी केली, कीबोर्डवर बोलून लिहिणे चालू केले. बुवांनी पहिला निरोप मुलाला बोलून लिहिला आणि त्यात ‘चवथ’चे भलतेच काही झाले, तेव्हा तो शब्द अक्षरे शोधून स्वतः टाकला. पहिल्या पानावरची सगळी चिन्हे काढायला लावून फक्त पाच ठेवली. ती कुठे असावीत हेही त्यांनीच सांगितले, चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध फोनचे. कोपरा बोटाला सापडतो.

टेम्पर्ड ग्लास लावू का म्हणून विचारले. आधी दुसऱ्या फोनवर लावलेली काच हाताला दे, म्हणाले. बोट घसरते की अडते ते पाहून मग हो म्हटले. खरखरीत मॅटची काच त्यांनी नाकारली. झाकणाच्या वहीसारखे कव्हरही नको, कारण आवाज कोंडतो.

एवढ्यात शेट गल्ल्यावरून दोनदा बघून गेले होते. एका गिऱ्हाइकापाठी सगळी दुपार, आणि तीही गर्दीच्या दिवसांत. बिल त्यांनी स्वतः केले आणि रक्कम सांगितली.

बुवांनी पाकिटातून नोटा काढल्या, पण पुढे केल्या नाहीत. “शेट, यात पडद्याचे किती धरलेत?”

“म्हणजे?”

“तेवढे कमी करा. तो मी वापरणारच नाही.”

शेट मोठ्याने हसले, कव्हर आणि काच फुकट दिली आणि वर दोनशे रुपये सोडले. बुवांना ते पुरेसे वाटले नाही. आणखी शंभरासाठी ते पाच मिनिटे उभे राहिले आणि घेऊनच गेले.