घरात आज संगणक-परिषद

जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १०. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी आमचा प्रोसेसर पात्र नाही. म्हणजे नवीन घेणं आलंच.

लेकीचं ठरलेलं, लॅपटॉप. बाबांना ऑल-इन-वन (स्क्रीनच्या पाठीतच अख्खा संगणक) हवा, "वायरींचं जंजाळ नको." दिसतो देखणा, पण आत बऱ्याचदा लॅपटॉपचेच भाग असतात आणि स्क्रीन गेली की अख्खं धूड दुरुस्तीला. मी तिथेच फुली मारली.

दुपारी जुनी कॅबिनेट उघडली. पंख्यावर धुळीची गोधडी! याच डब्यात मी स्वतः हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्याच कामाची, पण कितीतरी वेगवान) बसवली होती. आधी चालू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा, नंतर कप उचलायलाही वेळ मिळेना. रॅम (चालू कामापुरती मेमरी) ४ ची ८ जीबी केली तीही इथेच. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीलाच, सोल्डर करून डकवलेली असते. ८ घेतली की शेवटपर्यंत ८च.

"आणि लाईट गेली तर?" लेक. इथे मी गप्प. डेस्कटॉपला यूपीएस लागतो, लॅपटॉपला त्याची बॅटरी पुरते.

"पण तू तो नेणार कुठे?"
"पलंगावर."

आता मिनी पीसीवर, म्हणजे छोट्या डबीएवढ्या डेस्कटॉपवर, गाडी आलीय. मॉनिटरच्या पाठीला लागतो, जुना मॉनिटर-कीबोर्डही चालेल. ग्राफिक्स कार्ड सहसा मावत नाही, पण आमच्याकडे गेम खेळतंय कोण? (लेकीने हे वाचू नये.)

बाबा अजून ऑल-इन-वनचे फोटो पाठवतायत.