वारीत सिलिअ‍ॅकचं पथ्य सांभाळताना

मला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते. तरी आळंदी ते पंढरपूर चालताना मला पोळीची फारशी धास्ती नसते. ती डोळ्यांना दिसते, नको म्हणता येतं. खरी धास्ती आमटीतल्या हिंगाची. बाजारातल्या खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगात बहुतेकदा मैदा नाहीतर गव्हाचं पीठ असतं, आणि सिलिअ‍ॅकमध्ये तेवढंही बाधतं.

त्यामुळे भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरण्याआधीच दिंडीप्रमुखांशी आणि आचाऱ्यांशी बोलून घेतो. नुसतं ‘पथ्य आहे’ म्हटलं तर तेल-साखर कमी एवढाच अर्थ घेतला जातो. म्हणून नेमकं मागतो: फोडणीआधी काढलेली वाटीभर शिजलेली डाळ, आणि पंगतीच्या आधी वाढलेला भात. पोळ्या वाढलेले हात भाताच्या डावाला लागले की तो भातही गेला. डाळीवर माझंच तिखट, मीठ, तूप.

भाकरीचं पीठ गिरणीतून आणत नाही, कारण त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असतो. ज्वारी निवडून, धुऊन, कडक वाळवून फक्त ज्वारीसाठी ठेवलेल्या घरघंटीत दळतो. एका भाकरीला साधारण ६० ग्रॅम, दिवसाला ४ भाकरी, म्हणजे १८ दिवसांना सव्वाचार किलोहून थोडं जास्त. सगळं एकदम नेलं तर पावसाळी हवेत पीठ कडवट होतं, त्याची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना चिरते. निम्मं सोबत, निम्मं ताजं दळून लोणंद किंवा फलटण मुक्कामी मागवतो. जुन्या पिठाला उकळतं पाणी घालून उकड काढली की भाकरी जमते. तवा, परात, उलथनं स्वतःचं, वेगळ्या पिशवीत बांधून दिंडीच्या ट्रकमध्ये.

पुणे–सासवड हा दिवेघाटाचा लांबलचक टप्पा बहुधा एकादशीला येतो आणि पथ्याला तोच दिवस सगळ्यांत सोपा! दिंडीतली साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी निर्धास्त खातो. गाड्यावरचा साबुदाणावडा मात्र नाही, कढई आदल्या दिवशीच्या समोशांचीच असते.

चुकून ग्लूटेन पोटात गेलंच आणि जुलाब लागले तर ओआरएसचं पूर्ण पाकीट, त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच. अर्धं पाकीट अंदाजाने ढवळू नये. त्या दिवशी चालणं थांबवतो.

प्रसादाचा शिरा नाकारवत नाही. पानावर घेतो, कपाळाशी नेतो, शेजारच्या माऊलींना देतो. नंतर हात साबणाने धुतो, सॅनिटायझरने ग्लूटेन निघत नाही.