आईच्या वाटची परिक्रमा

नारळी पौर्णिमेची माहूरची परिक्रमा आई दरसाल करायची, पण आता तिच्याच्यानं चालणं होईना, म्हणून ह्यावेळेस म्हणली तू जा माझ्या वाटची, मावशीला सोबत घे. मग नांदेडहून किनवटपर्यंत रेल्वे, पुढं पन्नास एक किलोमीटर जीप, मातृतीर्थावर आंघोळ आणि संध्याकाळी निघालो.

बऱ्याच जणांना वाटतं माहूर म्हणजे रेणुकामातेचा डोंगर, पायऱ्या चढायच्या, दर्शन घ्यायचं आणि खाली यायचं. तसं नाहीये. डोंगर तीन आहेत, रेणुकेचा, दत्तशिखर आणि अनसूयेचा, त्यात रामगड किल्ला अजून वेगळा, आणि खालून पैनगंगा वळसा घालून जाते, नदीपलीकडं विदर्भ. गाडीनं गेलं की ह्यातलं काही कळत नाही, पायी गेलं की पोटऱ्यांना बरोबर कळतं.

रात्रभर पाऊस होता. सागाची पानं सुपाएवढी, त्यावर पाऊस वाजतो ना तो आवाज अजून कानात आहे. मध्यरात्री माझ्या नव्या बुटाचा सोल निघाला, मावशीनं गाठोड्याची सुतळी सोडून बांधून दिला आणि म्हणली, "चाल बापू, माय बोलवायली."

चालता चालता तिनंच सांगितलं, परशुरामानं कावडीत एकीकडं वडिलांचा देह अन् दुसरीकडं आई अशी इथवर आणली, दत्तात्रेयांनी इथं अंत्यसंस्कार करायला सांगितले, रेणुका सती गेली. नंतर त्यानं आईला हाक मारली, ती जमिनीतून वर यायली होती पण ह्यानं मागं वळून बघितलं अन् तेवढंच मुख वर राहिलं. म्हणून इथं देवीचा फक्त तांदळा, मुखच पुजतात. मातापूर हे जुनं नाव त्याच्यावरूनच. आमच्या घोळक्यात आदिलाबादकडचे लोक होते, ते देवीला एल्लम्मा म्हणतात, त्यातले एक काका म्हणले तेलुगूत मा ऊरु म्हणजे आमचं गाव. मला हे लई आवडलं. किनवटचा भाग 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यांचं गाव म्हणणं काही खोटं नाही.

दत्तशिखरावर पोचलो तेव्हा उजाडत होतं. दत्त महाराज झोपायला माहूरला येतात म्हणतात, म्हणून सगळे आपोआप हळू बोलायले होते. मी कठड्याशी उभा राहून बघितलं तर खाली सगळं धुकं, झाडं नाही, वाट नाही, समोर रेणुकेच्या डोंगराचा फक्त माथा वर आलेला. अंग धुक्यात आणि वर तेवढं मुख. मी मावशीला बोट करून दाखवलं, तिनं काही न बोलता हात जोडले.

तुम्हाला परिक्रमेची गर्दी नको असेल तर पावसाळा संपता संपता या, दत्तशिखर, अनसूया, रामगड, पांडवलेणी निवांत फिरा, वझऱ्याचा धबधबाही तिथून लांब नाही. बूट मात्र वापरातलेच घाला.

शेवटी रेणुकेचं दर्शन झालं. प्रसादाचा तांबूल, कुटलेला विडा, पानात बांधून घरी आणला. आईनं तो तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारलं, "अनसूयेच्या चढाला लई चिखल होता का रे?"