सोफ्यामागचा ऐवज

"अहो, तिला इसबगोल द्या की! आमच्या ह्यांना रोज रात्री लागतं."

शेजारच्या काकू हे बोलल्या तेव्हा मी फडकं घेऊन सोफ्यामागे वाकले होते. आमच्या पर्शियन मांजरीने, म्हणजे बाईसाहेबांनी, केसांची ओली, राखाडी, बोटाएवढी वळकटी ओकून ठेवली होती. म्हणायचा गोळा, पण अन्ननलिकेतून येताना तो लांबुळकाच होतो.

हसले खरी, पण दुपारी डॉक्टरांना विचारलंच. म्हणाले, "काकूंचं चूक नाही. पण आधी फणी, मग फायबर."

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. चाटताना अडकलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस शीवाटे निघून जातात. इसबगोल पाणी धरून त्यांना पुढे सरकायला मदत करतं. मात्र ओल्या खाण्यात कालवून, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. नुसत्या उबळी येतायत, बाहेर काही नाही, खाणंही बंद, तर घरगुती उपाय नकोतच.

अस्सल मांसाहारी प्राणी, आणि औषध काकांच्या डब्यातलं!

संध्याकाळी फणी काढली, तर बाईसाहेब थेट कपाटावर. न ओरबाडता मांजर विंचरायचं कसं, आहे कुणाला अनुभव?