यू०१२१ : कोडमध्ये नाव एबीएसचं, बिघाड बोल्टात

आधी एकच सांगतो. गाडीचे बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘यू’ने सुरू होणारा कोड आला आणि त्यात एखाद्या भागाचं नाव असलं, तर तो भाग गेला असं लगेच धरू नका. गाडीतल्या बाकीच्या कंट्रोल युनिट्सना त्याचा आवाज ऐकू येत नाही, एवढंच तो कोड सांगतो. हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर लातूरच्या तीन चकरा वाचल्या असत्या.

मी अंबाजोगाईचा. मुलगी लातूरला क्लाससाठी राहते, त्यामुळं दर शनिवारी डबा घेऊन जाणं ठरलेलं. मे महिन्यात बर्दापूरच्या पुढे खराब रस्त्यावर स्पीडोमीटरचा काटा एकदम शून्यावर पडला. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला, त्यापाठोपाठ स्टिअरिंगचाही. गाडी मात्र चालत होती. दोन मिनिटांनी सगळं आपोआप जागेवर. माझ्याकडच्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरनं कोड दाखवला यू०१२१, म्हणजे एबीएसच्या कंट्रोल युनिटशी संपर्क तुटला.

आता लातूरचं सर्व्हिस सेंटर. सकाळी साडेनऊची वेळ दिलेली, गाडीला मशीन लागलं दुपारी एकला. इंजिन, स्टिअरिंग आणि मीटर या तिघांतही तोच कोड. तो पुसला, स्कॅनिंगचे पैसे घेतले आणि ‘चालवून बघा’ म्हणाले. चालवून बघायचं काय? मी चालवतानाच तर ते झालं होतं! पुढच्याच शनिवारी त्याच पट्ट्यात काटा पुन्हा खाली.

दुसऱ्या खेपेला गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी कोटेशन हातात दिलं. एबीएसचं अख्खं युनिट बदलायचं, प्रोग्रॅमिंगसकट ३८,४०० रुपये. निम्मे आगाऊ भरायचे आणि इलेक्ट्रिकल पार्ट परत घेणार नाहीत. मी विचारलं, “दादा, युनिट बदलूनही कोड आला तर?”

“तर मग वायरिंग बघू.”

हे उत्तर आजही डोक्यातून जात नाही. आधी ३८ हजार आणि मग वायरिंग! मी म्हणलं, ही युनिट्स ज्या दोन तारांवर एकमेकांशी बोलतात त्यांच्यातला रेझिस्टन्स आधी मोजा, पाच मिनिटांचं काम आहे. तर म्हणाले, “मशीन सांगायलंय तेच करायलोत आम्ही, साहेब. जॉबकार्डवर तसं काम नसतं.”

तिसऱ्या खेपेला मी सही करायला नाही, रिपोर्टची प्रिंट मागायला गेलो. “ती ग्राहकाला देत नसतो.” मॅनेजर जेवायला गेलेले. मग मीटिंग. मी चार वाजेपर्यंत तिथल्या खुर्चीवर बसून राहिलो आणि मिळाल्याशिवाय उठणार नाही असं शांतपणे सांगितलं. शेवटी चार पानं मिळाली. तिसऱ्या पानावर एबीएस युनिटचा स्वतःचा रकाना होता. म्हणजे मशीन त्याच्याशी बोललं होतं, युनिट जिवंत होतं. आणि त्यात एकच नोंद : पुरवठा व्होल्टेज कमी. उत्तर त्यांच्याच कागदावर छापलेलं होतं, पण ते पान कुणी उलटलं नव्हतं. तुम्ही स्कॅनिंगचे पैसे भरत असाल तर सगळ्या युनिट्सची प्रिंट मागाच, आणि कोड पुसू देण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा.

घरी आल्यावर रेझिस्टन्स मीच मोजला. युनिट्सच्या या बोलण्याच्या पद्धतीला कॅन म्हणतात. बॉशनं १९८६ साली जगासमोर मांडलेल्या या पद्धतीत सगळी युनिट्स पीळ घातलेल्या दोनच तारांवर बोलतात आणि तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर असल्यामुळं मल्टिमीटरवर ६० यायला हवं. इग्निशन बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरवर मीटर लावला. ६०.३ आलं. १२० आलं असतं तर कुठंतरी तार तुटलेली किंवा एका टोकाचा रेझिस्टर गेलेला, शून्याच्या जवळ आलं असतं तर दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या. काही गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे, म्हणजे निरोप पुढे पाठवणारं मधलं युनिट, असतो, तिथं हा आकडा वेगळा येतो, म्हणून आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम बघून घ्या. माझ्या तारा मात्र ठणठणीत होत्या. मग उरलं काय? वीज आणि अर्थिंग, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याची वाट.

आमच्या गावात बसस्टँडच्या मागे एक चाचा ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतात. मी कागद दाखवला. ते म्हणाले, “युनिट को छोडो, पहले अर्थिंग देखते.” त्यांनी एबीएसचा कनेक्टर काढला आणि त्याच्या पॉझिटिव्ह व अर्थिंगच्या पिनांवर मीटर लावला : १२.४. मला वाटलं, इथंही काही नाही. चाचांनी मग त्याच जागी हेडलाईटचा जुना बल्ब लावला. बल्ब नुसता मिणमिणला. तीच पॉझिटिव्ह ठेवून बल्बची दुसरी तार सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तर लख्ख पेटला. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून कुजक्या जोडावरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब करंट मागतो, तिथं खरं काय ते कळतं.

बॅटरीचा ट्रे उचलला तर खाली अर्थिंगचा बोल्ट पांढऱ्या-हिरव्या भुकटीनं भरलेला. बॅटरीचं ॲसिड कधीतरी सांडलं असणार. पॉलिशपेपरनं घासलं, तारेच्या टोकाला नवीन लग (बोल्टात अडकवायची धातूची कडी) दाबून बसवला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. ३५० रुपये. चाचांनी एवढेच मागितले, मी पाचशे ठेवून आलो.

तेव्हापासून दर शनिवारी बर्दापूरच्या त्याच पट्ट्यातून जातो. काटा एकदाही पडलेला नाही.

दोन गोष्टी आता आठवल्या. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. बॅटरीच अशक्त असली तर स्टार्टर मारताना असले संपर्क तुटल्याचे कोड उगाच साठतात, तेव्हा सुरुवात तिथून करा. आणि बल्बची ती चाचणी फक्त वीज आणि अर्थिंगच्या पिनांवर. कॅनच्या तारांना बल्ब कधीही लावू नका, नाहीतर चांगलं युनिट खरंच जळेल.