रंग सगळ्यात शेवटी बघा

प्रवाळखडकावर बोटाएवढा मासा दिसला की तो कोणता हे ओळखायला आपण त्याचा रंग लक्षात ठेवतो आणि तिथेच फसतो. पाच-सहा मीटर खोलीवरच लाल रंग विझायला लागतो, त्यामुळे फ्लॅशशिवाय काढलेल्या फोटोत लालभडक मासाही मळकट करडा येतो. त्यात पिल्लाचा आणि मोठ्याचा रंग जुळेलच असं नाही. एम्परर एंजलफिशचं पिल्लू गडद निळं, अंगावर पांढरी वर्तुळं. मोठेपणी त्याच माशाच्या अंगावर पिवळे-निळे आडवे पट्टे.

आधी पर (पोहायचे पंख) बघा, मग तोंड. मासा तळाशी टेकून बसलाय आणि पाठीवर दोन सुटे पर आहेत? बहुतेक गोबी गटातला. मानेपासून शेपटीपर्यंत एकच लांब पर, डोळ्यांवर बारीक तुरे? मग ब्लेनी गटातला. (पाठीवर तीन तुकडे मोजलेत तर तो ट्रिपलफिन, चुकून चौथा शोधत बसू नका.) गोबी सहसा काडीसारखा सरळ पडून राहतो, ब्लेनी अंग वाकडं करून बसतो.

खरी परीक्षा क्लीनर रॅसची. निळसर अंग, तोंडापासून निघून मागे रुंद होत जाणारा काळा पट्टा. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा हा मासा, शास्त्रीय नाव लॅब्रॉइडीस डिमिडिएटस. हुबेहूब याच पोशाखात ॲस्पिडॉन्टस टीनिएटस नावाचा ब्लेनी हिंडतो आणि संधी साधून माशांच्या परांचे लचके तोडतो. पट्टा बघून दोघांत फरक कळणार नाही. बाजूने तोंड बघा. रॅसचं तोंड थेट टोकाला असतं. ब्लेनीचं नाकाड पुढे आलेलं, तोंड खाली दडलेलं, शार्कसारखं. पाठीचा परही ब्लेनीत अगदी मानेवरच सुरू होतो.

फोटो समोरून किंवा वरून काढला तर यातलं काहीच दिसत नाही. माशाच्या पातळीला या आणि पूर्ण बाजू घ्या. पोहताना मासा पर मिटून घेतो, तेव्हा दोन परांमधली फट झाकली जाते आणि गोबी ब्लेनी वाटतो. म्हणून एका फोटोवर न थांबता चार-पाच काढा. बिळातून नुसतं डोकं दिसत असेल तर तुरे टिपा, ‘ब्लेनी, जात अनिश्चित’ एवढंच लिहा आणि पुढे चला.