हजार बेटांच्या नदीत लार्जमाउथ: क्लेटन ते चिपेवा बे

अमेरिका-कॅनडा सरहद्दीवरची सेंट लॉरेन्स ही स्मॉलमाउथची नदी. स्मॉलमाउथ आणि लार्जमाउथ या बास माशाच्या दोन जाती. २०२२ मध्ये क्लेटनला झालेल्या बासमास्टर एलिट या बास पकडण्याच्या स्पर्धेत विजेत्याच्या चार दिवसांच्या २० माशांचं वजन १०२ पौंड ९ औंस भरलं, आणि ते सगळे स्मॉलमाउथ होते. त्यामुळे इथे येणारी जवळपास प्रत्येक बोट धक्का सोडला की खडकाळ उंचवट्यांकडे वळते. त्याच नदीच्या बगलेत, गवताळ पाण्यात दोन ते चार पौंडांचे लार्जमाउथ असतात आणि त्यांच्या वाटेला फार कमी लोक जातात. हा वृत्तांत त्या बगलांचा आहे: न्यूयॉर्क राज्याचा काठ, क्लेटनपासून प्रवाहाबरोबर खाली चिपेवा बेपर्यंत (बे म्हणजे काठात आत शिरलेलं आडोशाचं पाणी), जुलैअखेरचं पाणी.

आधी एक गोष्ट पक्की करा. इथे लार्जमाउथ शोधायचा म्हणजे प्रवाह सोडायचा. नदी ऑन्टारियो सरोवरातून निघते, त्यामुळे मुख्य पात्रातलं पाणी थंड, वाहतं आणि काचेसारखं स्वच्छ असतं. झेब्रा शिंपल्यांनी ते गाळून आणखी नितळ केलं आहे. स्मॉलमाउथला हेच हवं असतं: खडक, धार आणि तळाशी गोबी मासे. लार्जमाउथ दबा धरून शिकार करतो. धारेत तोल सांभाळण्यात शक्ती घालवणं त्याला परवडत नाही. त्याला गवत, सावली आणि पाच-सहा अंशांनी गरम पाणी लागतं. जुलैअखेर पात्रात ७२ फॅरनहाइट दिसत असेल, तर बेच्या आतल्या टोकाला ७७–७८ सहज मिळतं. बेच्या तोंडातून आत शिरताना तापमानावर नजर ठेवा. आकडा चढायचा थांबला आणि गवत पाण्याच्या वरपर्यंत आलं की शोधायला सुरुवात करा.

न्यू जर्सीतल्या एडिसन-पार्सिपनीकडून येणाऱ्यांना आय-८१ ने सिरॅक्यूजमार्गे साधारण साडेपाच तास लागतात. टोरोंटोकडच्यांना अंतर कमी पडतं, पण सीमा ओलांडावी लागते आणि न्यूयॉर्कचा परवाना वेगळा काढावा लागतो. उलट बाजूनेही तेच: सरहद्द नदीच्या मधून, बेटांमधून वाकडीतिकडी जाते आणि पलीकडे गळ टाकायचा तर ऑन्टारियोचा परवाना लागतो. जीपीएसच्या नकाशावर सीमारेषा दिसेल असं ठेवा. बेटांच्या गर्दीत नुसत्या नजरेने ती कळत नाही.

क्लेटनच्या पश्चिमेला फ्रेंच क्रीक नदीला मिळतो. छोटी बोट किंवा कयाक असेल तर सुरुवातीला हेच पाणी बरं. पाणकणसांची भिंत, तिच्यापुढे कमळपानं आणि मधून जाणारी खोल नळी, असा सरळ नकाशा आहे. वारा सुटला तरी इथे मासेमारी होते. पलीकडे वेल्स्ली आणि ग्राइंडस्टोन बेटांच्या मधला ईल बे मात्र फसवतो. उथळ आहे, गवत आहे, पण बराच भाग उघडा आणि वाळूचा. तिथे दोन्ही जातींचे मासे लागतात. लार्जमाउथच हवा असेल तर उघड्या वाळूवर वेळ न घालवता थेट आतल्या कोपऱ्यांतल्या दाट गवतात जा. वेल्स्ली बेटाच्या उत्तर अंगाचं लेक ऑफ द आइल्स नावाप्रमाणेच तळ्यासारखं शांत आहे. डीवुल्फ पॉइंट स्टेट पार्कमधून छोटी बोट उतरवता येते. कयाकवाल्यांनी पहिली पसंती यालाच द्यावी.

मात्र एकच जागा निवडायची झाली तर गूस बे. अलेक्झांड्रिया बेच्या पुढे १२ नंबरच्या रस्त्याने गेलं की क्रिंग पॉइंट स्टेट पार्क लागतं. त्याच्या एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला हा बे आहे. तंबूची जागाही तिथे मिळते, फक्त उन्हाळ्यात ती बरीच आधी राखून ठेवावी लागते. बे मोठा आहे, बराचसा भाग दहा फुटांच्या आतला, आणि पहिल्यांदा आलेल्याला सगळीकडे सारखंच गवत दिसतं. इथेच लोक थकतात. एकसारख्या गवतात मासे विखुरलेले असतात, त्यामुळे गवत कुठे बदलतं ते शोधायचं. पट्ट्यासारखं लांब वाइल्ड सेलरी संपून झुबकेदार कूनटेल किंवा मिलफॉइल सुरू होतं ती रेघ. गवताच्या पठारातली टेबलाएवढी उघडी जागा. लव्हाळ्याचं एकटंच बेट. क्रॅनबेरी क्रीकच्या तोंडाशी तळात पडलेली घळ. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा चढवून, ऊन वर आल्यावर पहिला तासभर नुसतं फिरून बघितलं आणि प्रत्येक बदलावर खूण टाकली, तर उरलेला दिवस सोपा जातो. फिश फाइंडरपेक्षा इथे डोळ्यांचाच उपयोग जास्त.

सकाळी आणि ढगाळ हवेत माशांचा माग गवतावरून काढायचा. पोकळ रबरी बेडूक, ७ फूट ३ इंचाचा हेवी रॉड, ५० ते ६५ पौंडी ब्रेडेड लाइन. बेडकाचे पाय एका बाजूने अर्धा इंच कापले की तो जागच्या जागी डावी-उजवी वळतो. उघड्या भोकावर आला की थांबवा. पाणी फुटल्याबरोबर हिसका दिला तर बेडूक रिकामा परत येतो. दोरी ताणली जाऊन वजन जाणवलं की मगच जोरात ओढा आणि मासा गवतात डोकं खुपसण्याआधी वर काढा. चुकला तर दुसरा रॉड तयार हवा: वजन न लावलेला पाच इंची स्टिक वर्म (काडीसारखा सरळ रबरी किडा), १/० च्या गळात मधोमध अडकवलेला. त्याच भोकात टाका आणि आपोआप बुडू द्या. बेडकाला चुकलेले बरेच मासे यावर लागतात. यासाठी ७ फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, १५ पौंडी ब्रेडेड आणि पुढे १० ते १२ पौंडी फ्लोरोकार्बन पुरतं.

ऊन चढलं की मासे गवताच्या खाली किंवा बाहेरच्या कडेला जातात. कडेवर, म्हणजे आठ ते बारा फुटांत, ३/८ औंस टंगस्टनचा टेक्सास रिग (पुढे वजन, गळाचं टोक रबरी आमिषात लपवलेलं) किंवा अर्ध्या औंसाची जिग (गळालाच वजन जोडलेलं आमिष). दाट छपरासारख्या थराखाली जायचं तर एक औंस वजन आणि बारीक, गुळगुळीत आमिष. फाटे असलेलं आमिष थरावरच अडकून बसतं. रंगाचा फार विचार नको. नितळ पाण्यात हिरवट तपकिरी, सावलीत काळा-निळा. फेक मात्र लांब हवी, कारण या पाण्यात तुम्हाला मासा दिसतो तेव्हा त्याने तुम्हाला कधीच पाहिलेलं असतं.

दुपारचा दुसरा पर्याय म्हणजे धक्के आणि बोटघरं. या भागातले जुने धक्के लाकडी चौकटीत दगड भरून बांधलेले आहेत, त्यामुळे खाली पोकळ्या आणि गर्द सावली असते. प्रवाहाच्या तोंडावरच्या धक्क्याखाली स्मॉलमाउथ मिळेल, आडोशाच्या धक्क्याखाली लार्जमाउथ. एका बेटाच्या दोन बाजूंना हा फरक लख्ख दिसतो. वर्म पाण्यावरून घसरवत सावलीत आत टाका. लाकडा-दगडांवर झेब्रा शिंपले असतात आणि त्यांच्या कडा धारदार. मासा लागला की लगेच बाहेर खेचा आणि प्रत्येक माशानंतर शेवटची दोन फूट दोरी बोटांनी तपासा. खरखर लागली की कापून नवी गाठ. लोकांच्या धक्क्यांना आणि बांधलेल्या बोटींना आमिष आपटू नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

या गवतात पाइक हे तीक्ष्ण दातांचे शिकारी मासे भरपूर आहेत आणि ते दोरी कापतात. स्टीलची तार लावली तर बास कमी लागतात, म्हणून आम्ही ती लावत नाही. त्याऐवजी आमिषं जास्त न्यायची. अर्ध्या औंसापर्यंतची शिशाची वजनं न्यूयॉर्कमध्ये विकायलाच बंदी आहे, त्यामुळे टंगस्टन घरूनच पुरेसं घ्या.

बोटीचा सगळ्यात मोठा शत्रू गवतच. ट्रोलिंग मोटर सतत कमी वेगाने चालवण्यापेक्षा थोडा वेळ जोर, मग बंद, असं केलं की पंख्याला गवत कमी गुंडाळलं जातं. गुंडाळलेल्या पंख्याने बॅटरी दुपारपर्यंत संपते. आउटबोर्डच्या मागून येणारी पाण्याची चिळकांडी बारीक झाली तर इंजिन बंद करून वर उचला. पाणी ओढायची जाळी गवताने भरलेली असणार. तशीच दामटली तर इंजिन तापतं.

बेबाहेर पडताना मात्र काळजी वेगळी. जहाजांच्या मार्गिकेबाहेर खूण नसलेले खडक आहेत. मोठं मालवाहू जहाज गेलं की काठचं पाणी आधी ओसरतं आणि मग उसळून परत येतं, म्हणून उथळ किनाऱ्याला नाक लावून थांबू नका. वारा बहुधा नैऋत्येचा आणि नदी वाहते ईशान्येला. सकाळी गूस बेकडे जाताना मजेत जाता, परतताना तोच वारा तोंडावर येतो. ईशान्येचा वारा त्याहून वाईट, प्रवाहाविरुद्ध असल्याने लाटा उभ्या चढतात. क्रिंग पॉइंटवरूनच बोट उतरवली तर हा प्रश्नच येत नाही. हार्ट बेटाच्या आसपास पर्यटकांच्या बोटींच्या लाटा दिवसभर असतात, तिकडून वळसा घालून जा.

चिपेवा बे गूस बेपेक्षा खोल आणि बेटांनी भरलेला. इथे बेटांमागचे छोटे कोनाडे तेवढे बघायचे. बाकी पाणी स्मॉलमाउथ आणि मस्कीचं (पाइकच्याच कुळातला मोठा मासा).

न्यूयॉर्कच्या बाजूला बास ठेवण्याचा हंगाम १५ जून ते ३० नोव्हेंबर, किमान लांबी १२ इंच, दिवसाला पाच. लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ मिळून पाच. ओळखायची खूण: तोंड मिटलेलं असताना जबडा डोळ्याच्या मागे गेला तर लार्जमाउथ. २०२५ पासून मोटरबोट चालवणाऱ्या प्रत्येकाला बोटिंग सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं.

सप्टेंबरपर्यंत नदीची पातळी उतरते आणि बेंची तोंडं उथळ होतात, तेव्हा मोठी बोट आत नेण्याआधी खोली बघा. त्याच सुमारास गवत मरायला लागतं. तपकिरी, कुजकं गवत सोडून द्या आणि जिथे हिरवं टिकलं आहे तिथे जा, बहुधा कडेच्या खोल बाजूला. बोट बाहेर काढली की ट्रेलरवरचं गवत तिथेच काढा, लाइव्हवेलमधलं (मासे जिवंत ठेवायच्या टाकीतलं) आणि बोटीच्या तळातलं पाणी ओतून टाका. हा राज्याचा नियमच आहे.